हिरव्या पट्ट्यातले बारा गुंठे

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

देऊळगाव राजा,
रविवार, दि. १९ नोव्हेंबर २०२३

चि. पुष्पा हिस,

उत्तमदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचेल तेव्हा वरवटला सगळे घरीच असाल असं धरून एकेकाची चौकशी करतो. तुझा डावा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू बांधत नसशील, कपाटावर टाकून दिला असशील, हे मला इथं बसून दिसतं. शिवमची पाठ दुखायची राहिली का? दिवसभर ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाने संध्याकाळी घटकाभर सपाट जमिनीवर पडावं, एवढं त्याला माझ्याकडून सांग. राखीला टायफॉइड होऊन गेला, आता सुनबाईला जेवण जातं का? तिला म्हणावं, महिनाभर तिखट कमी आणि मुगाचं वरण जास्त. योगिनीचा पुढचा दात आला का? पडलेला दात तिने नीट कौलावर फेकला होता, की तुमच्या स्लॅबवर कौलं नाहीत म्हणून खिशात घालून शाळेत नेला?

इकडे तुझ्या वहिनीची बीपीची गोळी चालू आहे. गोळी चहासोबत घेते, पाण्यासोबत घे म्हटलं तर म्हणते, "पोटात गेल्यावर गोळीले काय कळते कशासोबत आली थे." मला काही झालेलं नाही. खरंच काही झालेलं नाही. चहा गरम आहे की गार, तेही हल्ली तुझी वहिनी सांगते तेव्हा कळतं. परवा वांग्याच्या ज्या वाफ्याला सकाळी पाणी दिलं होतं, त्यालाच दुपारी परत दिलं. पाणी बांधावरून रस्त्यावर गेलं तेव्हा एका मोटारसायकलवाल्याने हाक मारली म्हणून समजलं.

हे पत्र तुला शिवम वाचून दाखवील, नाहीतर राखी. तुला तुझं नाव लिहिता येतं, बाकीची अक्षरं राहून गेली. त्यात तुझा दोष नाही, शिकवणारा मीच अर्धवट होतो. जो कोणी वाचत असेल त्याने मोठ्याने वाचावं आणि मधली कुठलीही ओळ गाळू नये. फोन केला असता, पण फोनवर तू "बरं हाय, दादा" म्हणतेस, मीही "बरं आहे" म्हणतो, आणि मग दोघंही फोन कानाला लावून बसतो. कागदावर तसं बसता येत नाही. पुढची ओळ लिहावी लागते.

आज मॅचची फायनल आहे म्हणून सगळं गाव टीव्हीपुढं आहे. मळ्यात कोणी नाही. मी विहिरीच्या थाळ्यावर बसून लिहितो आहे. तुरीला फुलं चांगली लागली आहेत. मेथी दोनदा खुडून झाली.

भाऊबीजेला तू आली नाहीस. गुडघा दुखत असेल, दिवाळीत गाडीला गर्दी असते, खामगावला गाडी बदलावी लागते, हे सगळं खरं आहे. तुझ्या वहिनीने तरी पाट मांडला, ताटात सुपारी ठेवली, निरांजन लावलं. दुपारी मला म्हणाली, "उचलू का आता?" मी म्हटलं, राहू दे. संध्याकाळपर्यंत तो पाट तसाच होता. शेवटी मांजर त्यावर येऊन बसलं. तुझी वहिनी म्हणाली, "घ्या, आली तुमची बहीण." मी हसलो नाही, तीही हसली नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

दोन वर्षांपूर्वी नगरपरिषदेत गावाच्या वाढीचा नकाशा लागला होता. राखीला हे माहीत नसेल म्हणून सांगतो. गाव चारी बाजूंनी पसरत चाललं, तेव्हा कुठं घरं होऊ द्यायची आणि कुठं शेतीच ठेवायची हे त्या नकाशात रंगाने ठरवतात. पिवळा रंग म्हणजे घरं. हिरवा म्हणजे शेती. पिवळ्यात घर बांधायची परवानगी मिळते, हिरव्यात मिळत नाही. नकाशा महिनाभर लोकांना बघायला ठेवतात. ज्याला पटत नाही त्याने लेखी हरकत द्यायची. मग सुनावणी होते, मग नकाशा पक्का होतो, आणि एकदा पक्का झाला की वीस वर्षं हलत नाही. मी तो नकाशा आठ दिवस रोज जाऊन वाचला. शाळेचं तोंड पाहिलं नाही, किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून अक्षरं जुळवली, पण गटनंबर वाचायला मला कोणाची गरज लागत नाही. त्याचा मला फार ताठा होता.

नकाशात चिखली रोडला लागून पिवळ्या रंगाची एक जीभ आत आली होती. तुझे बारा गुंठे अगदी रस्त्यावर, म्हणून ते पूर्ण पिवळ्यात. मागची आमची जमीन अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. रेघ विहिरीच्या काठावरून गेलेली.

पंजाबराव, जानराव आणि भगवंतराव हे आपल्या विहिरीचे बाकीचे तीन वाटेकरी. तिघंही माझ्याकडे आले. पंजाबराव म्हणाले, "उत्तमराव, घरं आली त संडासाचं पाणी कोठी जाईन? विहिरीतच ना. मंग काय पिकवाचं, मच्छर?" जानराव म्हणाले, "तुम्हीच लिहा बाप्पा. पाळीची वही तुमच्यापाशी, सही तुमचीच चालते."

ते काही खोटं बोलले नाहीत. बाबांनी तुला बारा गुंठे दिले, तेव्हा विहिरीची गुरुवारची पाळीही दिली. तू वरवटला, म्हणून तुझ्या गुरुवारी तुझ्या वाफ्यांना पाणी मी देत आलो. मोटार जळली, मीटर बदललं, गाळ काढला, जिथं जिथं पाच वाटेकऱ्यांच्या सह्या लागल्या तिथं तुझ्या नावापुढं "करिता उत्तम" असं लिहून मी सही केली. चाळीस वर्षं तसंच चाललं. कोणी विचारलं नाही, तूही नाही. आपल्या विहिरीवर एकाने सही केली की ती पाचांची होते.

तर हरकत मी लिहिली. हा पट्टा बागायती आहे, पिढ्यान् पिढ्या भाजीपाला आणि बियाण्याचा आहे, तो सलग हिरवाच ठेवावा, असं लिहिलं. खाली पाच नावं. तुझं पाचवं. सवयीने झालं.

ही शेवटची ओळ मी परत वाचली. खोडावीशी वाटली, पण खोडत नाही, राहू दे. सवयीने झालं नाही.

नगरपरिषदेतल्या बाईंनी कागद घेताना सांगितलं होतं, "आजोबा, 'करिता' चालत नाही. प्रत्येक मालकाची स्वतःची सही लागते. नाहीतर ते नाव वगळून द्या." त्यांनी बरोबरच सांगितलं. मी नकाशाकडे पाहिलं. तुझं नाव वगळलं तर रस्त्याकडचे बारा गुंठे पिवळेच राहतात, आणि ते पिवळे राहिले की जीभ आत येतेच, मग विहीर वाचत नाही. तो शेवटचा दिवस होता. मी बाहेर आलो, तुला फोन लावला. राखीने उचलला होता. राखी, तुला आठवत असेल. तू म्हणालीस, "आई गिरणीवर गेल्या मामाजी, काही निरोप?" मी म्हटलं, काही नाही, सहज केला.

अर्ध्या तासाने परत लावता आला असता. मी लावला नाही, कारण तू काय म्हणशील हे मला माहीत होतं.

त्याआधीच्या दिवाळीत आपण दोघं तिथं बांधावर उभे होतो. आपले जावई महादेवराव जाऊन वर्ष झालं होतं. तू म्हणालीस, "दादा, मले इथं दोन खोल्या टाकाच्या हाय. एक निजायची, एक रांधायची. पोराचं घर चांगलं हाय, सून चांगली हाय. पण मी पुढच्या खोलीत निजतो, येणारा जाणारा मले ओलांडून जाते. मले माह्या दाराची कडी माह्या हातानं आतून लावता आली पाहिजे." मी तुझ्यासोबत पावलं मोजली. दार कुठं यावं तेही ठरवलं, पूर्वेला, म्हणजे सकाळी तुझ्या वहिनीने हाक मारली की ऐकू यावी. सगळं माझ्यासमोर झालं. पण मी मनात म्हटलं, बहिणी माहेरी आल्या की असं बोलतात. कुठं खरंच येतेय.

तर त्या शेवटच्या दिवशी मी नगरपरिषदेच्या पायरीवर बसलो आणि कागद मांडीवर घेऊन तुझं नाव लिहिलं. "करिता" नाही. तुझी सही केली. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा पाण्याच्या दांडाला ओल्या चिखलात काडीने मीच तुला ती शिकवली होती. तू "ष"च्या पोटातली रेघ नेहमी उलटी ओढायचीस, कितीदा सांगितलं तरी. ती मी तशीच उलटी ओढली. मग उठून आत गेलो आणि कागद बाईंना दिला, पुष्पा. जरा अडखळलो असतो तर आज लिहायला बरं वाटलं असतं.

शिवम, तू वाचत असशील तर इथं थांबू नको. ती सही तुझ्या आईची नाही. माझी आहे.

सप्टेंबरात तू आईला घेऊन परवानगीची फाइल द्यायला आलास. मीही सोबत होतो. जागा हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून फाइल परत आली, आणि तू वाद घालायला लागलास तेव्हा त्या बाईंनी जुना कागद काढून दाखवला. "आजी, तुम्हीच तर लिहून दिलं होतं, शेतीच ठेवा म्हणून." तुझ्या आईने तो कागद डोळ्यांजवळ नेला. सहीवरून बोट फिरवलं. मी तिच्या मागे दोन हातांवर उभा होतो. तिने वळून पाहिलं नाही. म्हणाली, "हाव बाई. माहीच सही हाय."

ती नाही म्हणाली असती तर तो कागद तिथंच खोटा ठरला असता, आणि मीही. म्हणून ती हो म्हणाली.

बसस्टँडकडे जाताना तू चिडला होतास. "आई, तूच लिहून देतं आन मलेच चकरा मारायले लावतं. काऊन केलं असं?" ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाच्या ध्यानात राह्यत नाही बापा." मी तिच्या बाजूने चालत होतो. मी बोलायला पाहिजे होतं, तेव्हा मी काय केलं तर अर्धा डझन केळी घेतली आणि तिच्या पिशवीत टाकली. तिने पिशवीचं तोंड उघडून धरलं. बस निघाली तेव्हा मी हात हलवला. त्या दिवसापासून मला काही वाटत नाही. मी वाट पाहतो की वाटेल. जेवतो, निजतो, पाळीची वही लिहितो.

तिला विसरभोळी म्हणून बोलत असशील तर ते आज थांबव. तिचं सगळं ध्यानात आहे.

आता पुष्पा, तुझे बारा गुंठे ज्याच्यासाठी गेले, त्याचं काय झालं तेही सांगतो. पट्टा हिरवा राहिला. पेढे वाटले. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात जानरावांनी आपली जमीन गुंठ्या-गुंठ्याने नुसत्या नोटरीच्या कागदावर विकून टाकली. त्यामागून पंजाबरावांनी. हिरव्यात परवानगी मिळत नाही म्हणून घ्यायला स्वस्त पडते, आणि लोक परवानगीविनाच बांधतात. ज्यांना मच्छरांची भीती होती त्यांच्या बियाण्याच्या शेडनेटच्या जागी आज अकरा घरं आहेत, रस्ता नाही, नाली नाही, आणि सांडपाणी कुठं येतं ते मी लिहीत नाही. पंजाबराव परवा भेटले. मी म्हटलं, "हरकत तुमच्याच घरून निघाली होती ना हो?" तर म्हणाले, "तव्हा तसं वाटे, आता असं वाटते. तुम्ही काऊन धरून बसले?" पाळीच्या वहीत आता माझं, भगवंतरावांचं आणि तुझंच नाव उरलं आहे.

शिवम मला फोनवर म्हणाला होता, "मामा, बाकीच्यायनं बांधलेच ना, आपणबी बांधू." तूच नको म्हणालीस. उद्या कोणी पाडायला आलं तर म्हातारपणी कोठी जाऊ, असं म्हणालीस. हेही मी ऐकून होतो.

या आठवड्यात मी परत त्या बाईंकडे गेलो. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. मी त्यांना खरं सांगितलं, सही माझी म्हणून. त्यांनी जुना कागद काढून सही पाहिली. मग म्हणाल्या, "आजोबा, नकाशा आता शासनाकडून मंजूर आहे. तो तुमच्या माझ्या हातात नाही. पण नियमाचं पुस्तक वाचा." पान काढून माझ्यापुढं ठेवलं. मी तीनदा वाचलं. शेतीच्या पट्ट्यातही एका मालकाच्या नावावर सलग एक एकर जमीन असेल तर शेतघर बांधायची परवानगी मिळते. रीतसर, शिक्क्यासह. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे.

तुझे बारा आहेत. लागून माझे त्रेचाळीस आहेत. त्यातले अठ्ठावीस मी तुझ्या नावाने बक्षीसपत्र करून देतो. मग तुझे चाळीस होतात. माझ्याकडे पंधरा राहतात, विहिरीच्या बाजूचे. मला आणि तुझ्या वहिनीला मेथी-पालक करायला ते खूप झाले.

कुलदीपला जालन्याला फोन करून सांगितलं. त्याने किती गुंठे ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, मले विचारून राह्यले का सांगून राह्यले?" मी म्हटलं, सांगतो आहे, आणि का ते पण सांगतो. सगळं सांगितलं, पायरीवरचंही. तो म्हणाला, "आत्याले माहीत हाय?" मी म्हटलं, तिला पहिल्यापासून माहीत आहे. तो म्हणाला, "मंग द्या. पण मले आज काही बोलू नका." फोन ठेवला. मी त्याला दोष देत नाही.

तुझ्या वहिनीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमच्या हाताले लय अक्षरं येतात, म्हणूनच घात झाला. माह्यासारखा अंगठा असता त घर उभं राह्यलं असतं तिचं." थोड्या वेळाने म्हणाली, "तिले म्हणा, चूल पुढच्या अंगाले नको घेऊ, धूर माह्या दारात येते."

तू म्हणशील, दादा जमीन देऊन सही धुतो. तसं समजलीस तरी मला बोलता येणार नाही. मी धुतो आहे की काय करतो आहे, हे मलाच नीट कळत नाही. पश्चात्ताप म्हणतात तो आला असता तर तसं लिहिलं असतं. इतकंच कळतं की तुला आतून कडी लावायची आहे, आणि दार होण्यासाठी अठ्ठावीस गुंठे कमी पडतात, आणि ते माझ्याकडे आहेत.

तुला नको असेल तर तसंही सांग. वरवटलाच बरं आहे, आता माहेरी यायची इच्छा राहिली नाही, असं असेल तर तेही लिही. मी परत विचारणार नाही. तुझ्या गुरुवारी तुझ्या वाफ्यांना पाणी देत राहीन.

हो म्हणालीस तर रजिस्टर ऑफिसला तुला स्वतः यावं लागेल. शिवमने सोबत यावं. येताना आधार कार्ड आणि सातबारा आणावा. मी बसस्टँडवर येईन, किंवा तुला नको असेल तर येणार नाही, भगवंतरावांना पाठवीन. तिथं तुझ्याऐवजी कोणी काही लिहिणार नाही. मी पेन खिशात आणणार नाही.

शिवमला आशीर्वाद. त्याने माझ्याशी बोलू नये असं वाटलं तर न बोलो, पण तुझ्याशी बोलावं. राखीला आशीर्वाद. योगिनीला गोड पापा.

उत्तर लवकर लिही, पुष्पा. आठ दिवसांत आलं तर बरं, नाही तर पंधरा दिवसांत, पण लिही. मजकूर शिवमच्या हातचा असला तरी चालेल, राखीच्या हातचा असला तरी चालेल. खाली नाव तेवढं तू लिही. तुझ्या हातचं कोणतं आणि माझ्या हातचं कोणतं, हे आता मला तरी ओळखू येईल की नाही, माहीत नाही. तरी तूच लिही.

तुझा,
उत्तम